वाचक क्रमांक अकराशे सत्तेचाळीस

यावर कोणाचा विश्वास बसणार नाही. बसावा असा आग्रहही नाही. ज्या एकशे साठ ग्रंथपालांनी हे स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं, त्यांना त्यांच्या घरच्यांनी वेड्यात काढलं, तिथे इतरांची काय कथा. तर ग्रंथपालांच्या वार्षिक परिषदेच्या दुसऱ्या दिवशी, चहानंतरच्या कौशल्यवृद्धीच्या सत्रात, पडद्यावर एक आकडा उमटला आणि चौथ्या रांगेत बसलेल्या वरच्या बाईंच्या हातातल्या पेन्सिलीचं टोक कट्‌कन मोडलं. आकडा तसा साधाच होता, अकराशे सत्तेचाळीस. सभागृहात बाकी कोणाला काही झालं नाही. सकाळपासून बाईंच्या डाव्या खांद्यावर नेम धरून बसलेला एसीचा झोत तसाच येत राहिला, मागे कोणीतरी बिस्किटाचा कागद चुरगळला, आणि शेजारच्या खुर्चीतले सूचीकार जाड भिंगांचा चष्मा पुसून पुन्हा नाकावर चढवत राहिले. फक्त बाई दचकल्या. रस्त्यात अनोळखी माणसाने मागून आपल्याला घरच्या नावाने हाक मारावी, तसं.

वरच्या बाई हे काही त्यांचं खरं नाव नव्हे. त्यांच्या लायब्ररीची शाखा अग्निशामक केंद्राच्या वरच्या मजल्यावर होती, आणि खालचे जवान त्यांना वरच्या बाई म्हणत. जवानांचं ऐकून पोस्टमन म्हणू लागला, पोस्टमनचं ऐकून वाचक, आणि शेवटी मुख्यालयातून येणाऱ्या लखोट्यांवरही कंसात तेच यायला लागलं. आता वय पंचावन्न, निवृत्तीला तीन वर्षं, आणि सव्वीस वर्षांच्या नोकरीत एक खोटं. एकच, पण चांगलं नांदतं, खातंपितं खोटं, आणि ते आता बारा फूट रुंद पडद्यावर निळ्या अक्षरांत उभं होतं.

सत्र घेणारी मुलगी मुख्यालयातली. तिला सगळे आकडेवाली म्हणत आणि तिलाही ते आवडे. सकाळच्या सत्रांत बाईंनी तिला पाहिलं होतं. पोरगी मनापासून काम करणारी होती, आकड्यांविषयी ती भाच्यांविषयी बोलावं तसं बोलायची. तिने सांगितलं, की शहाऐंशी शाखांची एकोणीस वर्षांची देवघेव तिने संगणकाला घातली आणि त्याला एकच विचारलं, की आपला सगळ्यांत निष्ठावंत वाचक कोण. संगणकाने हा दिला. दर गुरुवारी दोन पुस्तकं. एकूण एकोणीसशे चार. आणि एकोणीस वर्षांत एक दिवसही उशीर नाही. यावर सभागृहातून जो सुस्कारा निघाला तो ऐकण्यासारखा होता. उशीर झालेल्या पुस्तकांची स्मरणपत्रं लिहिण्यात ज्यांची निम्मी उमर गेली, अशी ती एकशे साठ माणसं. त्यांना हा वाचक म्हणजे आयुष्यात एकदा तरी दर्शन व्हावं असा वाटला. पुढच्या रांगेतल्या एका ग्रंथपालांनी तर चष्मा काढून डोळे टिपले. सूचीकार मात्र पडद्याकडे मान तिरकी करून बघत होते.

हे सूचीकार, म्हणजे पुस्तकाला आकडा देऊन कपाटात त्याची जागा ठरवणारे गृहस्थ, कुठल्यातरी मोठ्या लायब्ररीतून आलेले. सकाळी पहिल्याच सत्रात आयोजकांनी शेजाऱ्याशी ओळख करून घ्यायचा खेळ घेतला होता: आपण पुस्तक असतो तर कोणतं असतो ते एकमेकांना सांगा. बाईंनी काहीतरी ठोकून दिलं. सूचीकार बराच वेळ विचार करून म्हणाले होते, मी पुस्तक नसतोच, मी कार्ड असतो. मग दिवसभर त्यांनी तोंड उघडलं नाही. फक्त मंचामागच्या फलकावर सत्रांचे क्रमांक चुकीच्या ओळीत लागले होते, ते त्यांनी जेवणाच्या सुट्टीत खुर्चीवर चढून स्वतः सरळ करून टाकले. बाईंना त्या माणसाची जरा भीतीच वाटत होती. आणि आता अकराशे सत्तेचाळीस पडद्यावर असताना आपल्या कोपरापाशी हा बसलेला असावा, हे काही बरं लक्षण नव्हतं.

कारण अकराशे सत्तेचाळीसला बाईंइतकं जवळून कोणीच ओळखत नव्हतं. त्याला जन्मच त्यांनी दिला होता, एका गुरुवारी, अकरा ते साडेअकराच्या दरम्यान. तेव्हा वरून परिपत्रक आलं होतं: पाच वर्षांत ज्या कपाटाला कोणी हात लावला नाही, ते बाद करावं, पुस्तकांचे गठ्ठे बांधावेत आणि वजनावर द्यावेत. शाखेत जिन्याच्या खिडकीपाशी एक कपाट होतं, कोण्या हौशी इंजिनिअरने मरताना दिलेलं. त्यात चारशे बारा पुस्तकं: दोरांच्या गाठी, दीपगृहांचे दिवे, विहिरी, मधमाश्या, घड्याळदुरुस्ती, छपरं घालण्याची रीत, मिठाची आगरं. कोणी म्हणजे कोणी ती नेत नसे. खालून बंब बाहेर पडला की सगळी इमारत थरथरे आणि त्या कपाटातली पुस्तकं अर्धं बोट पुढे सरकत, जणू कोणी बोलावतंय का ते बघायला. मग बाई जाऊन तळहाताने ती मागे ढकलत. एवढाच काय तो त्यांना माणसाचा स्पर्श. बाईंनी लाल पेन्सिल घेतली, यादी समोर ठेवली आणि फुल्या मारायला बसल्या. मध्येच एक पुस्तक हातातून निसटून उघडं पडलं, घड्याळदुरुस्तीचं, आणि त्याला वास आला. इतक्या वर्षांनी तो वास येणं शक्य नाही हे त्यांना कळत होतं. तरी आला, घड्याळाच्या तेलाचा, पातळ, गोडसर, वडिलांच्या कफांना येई तसा. वडील जाऊन तेव्हा सात महिने झाले होते. बाईंनी पेन्सिल खाली ठेवली, सदस्यत्वाचा एक कोरा फॉर्म ओढला आणि भरला. वय बेचाळीस. पत्ता अग्निशामक केंद्राचाच, म्हणजे टपाल आलं तरी आपल्याच हाती. व्यवसाय, इतर. मग कपाटाच्या डाव्या टोकाची दोन पुस्तकं काढली आणि त्याच्या नावावर तारखेचा शिक्का मारला. घड्याळाचं पुस्तक उजवीकडे कुठेतरी होतं. त्याचा नंबर यायला अडीच वर्षं लागली. ते आधी घ्यावं असं बाईंच्या मनात आलं नाही असं नाही, पण रांग म्हणजे रांग.

खोटं करायचं तर नीट करायचं, हा त्यांचा बाणा. पुस्तक बाहेर गेलंय असं नोंदलं, म्हणजे ते कपाटात सापडता कामा नये. तेव्हा ती दोन पुस्तकं आठवडाभर त्यांच्या टेबलावर राहात. आणि टेबलावर असली की जेवताना उघडली जात. अशा पाच फेऱ्या होत आल्या होत्या. बाईंना आता अठ्ठावीस प्रकारच्या गाठी मारता येत, मधमाश्यांची राणी कशी ओळखावी ते ठाऊक होतं, आणि दीपगृहाच्या भिंगाला किती कडी असतात हे त्या झोपेत सांगू शकल्या असत्या. अडचण एकच, की कोणी विचारत नसे. अधूनमधून त्या अकराशे सत्तेचाळीसशीच बोलत. तो टेबलाच्या पलीकडे उभा राही, थोडा पोक काढून, हातात छत्री. चेहरा मात्र कधी दिसला नाही. चेहऱ्याच्या जागी त्या जरा थांबत आणि मग शिक्का मारत.

आता वडिलांचं सांगितल्याशिवाय पुढे जाता येणार नाही. ते घड्याळजी होते, आणि थापाडे होते. दुकान म्हणजे घराचीच पुढची खोली. एका डोळ्याला भिंग लावून, घड्याळाच्या पोटात चिमटा घालून ते जी सुरुवात करत ती ऐकायला गिऱ्हाईकं घड्याळ मुद्दाम बिघडवून आणत असत, असं तेच सांगायचे. कधी त्यांनी असं घड्याळ दुरुस्त केलेलं असे की ते मालकाला उठवायला स्वतः टेबलावरून उतरून जाई. कधी एका सरदाराच्या घड्याळात मुंग्यांनी बिऱ्हाड केलेलं असे आणि त्या काटे ढकलत. गोष्ट वाढत जाई, वाढत जाई, आणि आतल्या खोलीत शिवणयंत्रावर बसलेली आई यंत्राचं चाक हाताने थांबवून म्हणे, "खोटं." एवढंच. त्या घराचा नियम असा, की कोणी खोटं पकडून मोठ्याने म्हटलं, की गोष्ट तिथेच थांबायची. अर्ध्या वाक्यात असली तर अर्ध्या वाक्यात, अर्ध्या शब्दात असली तर अर्ध्या शब्दात. वडील भिंग काढत, मनगटावरचं स्वतःचं घड्याळ सोडत आणि ज्याने पकडलं त्याच्या हातावर बांधत. त्या दिवसापुरतं ते त्याचं. आठ वर्षांच्या वरच्या बाईंनी पहिल्यांदा खोटं पकडलं तेव्हा ते घड्याळ त्यांच्या कोपराच्याही वर जाऊन बसलं होतं, आणि दिवसभर त्या हात वर धरून फिरल्या होत्या. नंतर नंतर त्यांना कळत गेलं, की वडील पकडले जाण्यासाठीच सांगतात. कोणी पकडलं नाही, सगळ्यांनी नुसत्या माना डोलावल्या, तर दिवसभर ते हिरमुसलेले असत आणि जेवताना गप्प राहात. आता ते घड्याळ बाईंच्या मनगटावर होतं, पट्ट्याला जादा भोक पाडून. आणि आई होती, चौऱ्याऐंशी वर्षांची, बाईंच्याच घरी, खिडकीपाशीच्या खुर्चीत. बाई संध्याकाळी घरी गेल्या की तिला मुद्दाम सांगत: आज बंब चालवणाऱ्याच्या जागी त्याची सासू आली होती. आज एक वाचक पुस्तक मागायला झाडावरून आला. आई प्रेमाने बघे आणि म्हणे, "हो का." अलीकडे ती सगळ्यालाच हो का म्हणायची.

आणि एकोणीस वर्षं अकराशे सत्तेचाळीसलाही सगळे हो काच म्हणत आले होते. तपासनीस आले, नोंदवह्या चाळून गेले. कार्डांचा संगणक झाला, तेव्हा बाईंना आठवडाभर अन्न गोड लागलं नाही; पण संगणकानेही त्याला निमूट आत घेतलं. सुरुवातीला प्रत्येक वेळी सुटल्यासारखं वाटे. पुढे पुढे त्या सुटकेत काहीतरी खुपू लागलं. इतकी सुबक थाप, इतक्या निगुतीने वाढवलेली, आणि एकालाही संशय येऊ नये? शिपायालाही? रात्री कुशीवर वळताना त्यांना कधी कधी वाटे, निदान एकाने तरी भुवई वर करावी. मग लगेच नोकरी आठवे, निवृत्तीवेतन आठवे, आणि त्या भुवईच्या विचाराने घाम फुटे.

घाम आताही फुटला होता, एसी असून. कारण आकडेवाली पुढे सरकली होती. ती म्हणत होती, की हा आनंदाचा भाग झाला, आता जरा काळजीचा. नवा नियम येतोय. ज्या कपाटाला एकुलता एक वाचक आहे ते कपाट यापुढे वाचकच नसल्यासारखं धरायचं, आणि असं एक कपाट नेमकं याच शाखेत निघालं: चारशे बारा पुस्तकं आणि ती नेणारा हा एकटा. पण नियमापुढे माणूस मोठा, असं तिने स्वतः साहेबांना सांगितलं आहे. पुढच्या महिन्यात मुख्यालयातली मंडळी शाखेत येतील, या सद्गृहस्थांना मानपत्र देतील, फोटो काढतील, आणि त्यांना भेटून कपाटाचं काय ते ठरवतील. ते भेटले तर कपाट राहील. काही कारणाने भेटलेच नाहीत, तर ते अर्थातच जाईल. आणि आनंदाची गोष्ट म्हणजे त्यांच्या ग्रंथपाल मॅडम इथेच बसल्या आहेत, त्यांनी दोन शब्द बोलावेत. टाळ्या पडल्या. बाईंच्या डोक्यातून त्या टाळ्यांसरशी कसले कसले विचार उडाले. त्याला मारून टाकावं का? गेले बिचारे, मागच्याच महिन्यात, शांतपणे. पण पडद्यावर आकड्याखाली त्याने नेलेल्या पुस्तकांची यादी होती, तीत गेल्या गुरुवारची नोंद स्वच्छ दिसत होती, आणि मेलेला माणूस दोन पुस्तकं नेतो म्हणजे जरा अतीच. शिवाय तो मेला की ती चारशे बारा मेली. दुसऱ्या गावी बदलून गेला म्हणावं? तेच. मग उभं राहून खरं सांगावं? त्यांनी मनातल्या मनात ते वाक्य जुळवून पाहिलं, आणि ते इतकं लंगडं, इतकं केविलवाणं निघालं, की वडिलांना ऐकवायची लाज वाटली असती.

माइक हातात आला. तो आधीच्या वक्त्याच्या हाताने कोमट झाला होता. बाई म्हणाल्या, "ते गुरुवारी येतात." हे त्यातल्या त्यात खरं होतं. म्हणजे गुरुवार तरी खरा होता. सभागृह वाट बघत राहिलं. पुढे काहीतरी बोलायला हवं होतं, तेव्हा त्यांनी डोळे मिटले आणि कपाटापुढे उभ्या राहिल्या, रोज राहात तशा, डाव्या टोकाला. खालून बंब सुटल्यासारखी एक थरथर त्यांना पायांत जाणवली. पुस्तकं अर्धं बोट पुढे सरकली. आणि त्यांची जीभ सुटली.

आधी त्यांनी गाठींचं सांगितलं. गच्चीवरची पाण्याची टाकी वादळात डुलायला लागली तेव्हा या गृहस्थांनी वर्तमानपत्रांच्या गठ्ठ्याची सुतळी घेऊन तिला जी गाठ मारली, ती अजून तशीच आहे. टाकी बदलायला तीन कारागीर येऊन गेले, गाठ सुटेना, शेवटी नवी टाकी जुनीच्या आत बसवावी लागली. सभागृहात खसखस पिकली. ती खसखस बाईंच्या कानात अशी शिरली, की त्यांचा खांदा आपोआप एसीच्या झोतातून बाहेर आला. मग दीपगृह. हे वाचक पूर्वी कुठे होते विचाराल, तर दीपगृहावर. तिथला दिवा त्यांनी पुस्तकात बघून असा काही घासला, की समुद्रातली जहाजं सोडा, आसपासचे कोंबडे अवेळी आरवू लागले आणि लोकांनी अर्ज केला. मग विहीर. वाचनकक्षाच्या फरशीला कान लावून ते म्हणाले, खाली पाणी आहे. जवानांनी खोदलं. तेव्हापासून गावाला पाणी येवो न येवो, बंब कोरडा गेलेला नाही. बोलता बोलता बाईंना स्वतःचा आवाज ऐकू येत होता आणि तो त्यांचा नव्हता, भिंग लावलेल्या माणसाचा होता, जरा नाकातला, शब्दाशब्दाला मागे वळून बघणारा. आणि टेबलापलीकडच्या त्या पोक काढलेल्या माणसाला आता भराभर चेहरा फुटत होता. मिश्या आल्या. डाव्या डोळ्याभोवती भिंगाचा वळ आला. बाईंना वाटलं आपण रडणार, आणि त्या हसल्या.

तेवढ्यात त्यांच्या फाइलवर काहीतरी येऊन चिकटलं. सकाळी अडचणी लिहायला म्हणून सगळ्यांना पिवळ्या चिकटचिठ्ठ्या वाटल्या होत्या, त्यातली एक मागच्या रांगेतून हातोहात आली होती. गाठींचं पुस्तक आमच्या शाखेला आठवडाभर मिळेल का? आमच्याकडे गिर्यारोहक पोरं येतात. मग दुसरी आली, विहिरींची. मग तीन एकदम. बाई बोलत राहिल्या आणि चिठ्ठ्या येत राहिल्या, फाइल भरली तेव्हा बाहीवर, बाही भरली तेव्हा खुर्चीच्या पाठीवर. आकडेवाली मंचावरून खाली उतरून त्या गोळा करत होती; मोजणं हा तिचा स्वभाव. एकतीस भरल्यावर तिने मध्येच हात वर करून, माफी मागून, पण राहवत नाही म्हणून सांगितलं, की या कपाटाला आता एकच वाचक आहे असं म्हणता येणार नाही. एकतीस शाखांनी मागणी नोंदवली आहे, तेव्हा ते कपाट नव्या नियमात बसत नाही, ते राहील, तिने संगणकात तशी नोंद केलीसुद्धा. तिने हे असं सहज सांगितलं, जणू पंखा बंद केला.

कपाट राहिलं होतं. इथे बाईंनी खाली बसायला हवं होतं. कोणत्याही शहाण्या माणसाने माइक देऊन टाकला असता, आणि मुख्यालयाची मंडळी येतील तेव्हा काय ते निस्तरलं असतं. बाईंना ते कळत होतं. पण सभागृह तोंडं उघडी टाकून बसलं होतं, आणि एकशे साठ माणसं माना डोलावत होती, हो का, हो का, अशी. आणि त्या माना बघून बाईंच्या छातीत पुन्हा ते जुनं खुपणं सुरू झालं. इतकं सांगितलं तरी? अजून? मग त्यांनी ठरवलं, की आता राखून ठेवायचं नाही. त्यांनी मधमाश्या काढल्या. गच्चीवर या गृहस्थांनी पोळं बसवलं. माश्यांना भोंग्याची इतकी सवय लागली, की बंब निघाला की त्या पुढे उडतात आणि चौकातली वाहतूक बाजूला करतात, त्यामुळे दोन पोलिसांची बदली झाली. मागच्या रांगेत कोणाला तरी हसताना ठसका लागला. एका गंभीर चेहऱ्याच्या ग्रंथपालांनी मात्र हे वहीत टिपून घेतलं आणि त्याखाली रेघ मारली. सूचीकार हसले नाहीत. त्यांनी बाईंच्या बाहीवरच्या चिठ्ठ्यांकडे पाहिलं, मग पडद्यावर अजून तशीच असलेल्या यादीकडे, मग पुन्हा बाईंकडे. आणि त्यांचे ओठ काहीतरी मोजल्यासारखे हलू लागले. बाईंना ते दिसलं. दिसलं आणि अंगावरून एक गार लाट गेली, भीतीची म्हणावी तर तिच्यात गुदगुल्या होत्या. त्या घड्याळांकडे वळल्या.

केंद्राच्या मनोऱ्यावरचं घड्याळ पाव तास मागे असायचं, त्या म्हणाल्या. पुस्तक नेल्यावर दुसऱ्याच गुरुवारी हे गृहस्थ छत्री काखोटीला मारून वर चढले. नुसती दुरुस्ती करून थांबते तर ते कसले. त्यांनी त्याला असं तेल दिलं, की ते जरा पुढेच धावू लागलं, आणि जवान घड्याळाप्रमाणे निघतात, त्यामुळे आता बंब आग लागायच्या दोन मिनिटं आ—

"बाई," सूचीकार म्हणाले.

आवाज मोठा नव्हता, पण दिवसभर न वापरलेला होता. ते उठून उभे राहिले, गुडघ्यावर हात देऊन, आणि त्यांनी आकडेवालीला यादी जरा वर सरकवायला सांगितली. आणखी वर. मग चष्मा कपाळावर घेऊन ते पडद्यावरचे पुस्तकांचे आकडे, प्रार्थना म्हणावी तसे, वाचू लागले. "सहाशे तेवीस, गाठी. सहाशे सत्तावीस, दीपगृह. सहाशे अठ्ठावीस, विहिरी. सहाशे अडतीस, मधमाश्या. सहाशे एक्क्याऐंशी, घड्याळं." त्यांनी मागच्या फेरीची यादी मागितली. तीच. त्याच्या मागची. तीच. पहिल्या रांगेत कोणीतरी "अगं आई गं" म्हणालं आणि हसू दाबलं. ते हसू रांगेरांगेने मागे निघालं. जुन्या माणसांना आधी कळलं, नव्यांना कोपर मारून सांगावं लागलं, पण जन्मभर कपाटं लावलेली ती सगळी माणसं, कळायला फार वेळ लागला नाही. आकडेवाली यादीपुढे तोंडावर हात ठेवून उभी होती, आणि हातामागे तिचे खांदे हलत होते. सूचीकार बाईंकडे वळले. "आता पुढे छप्पर येणार," ते म्हणाले. "सहाशे पंच्याण्णव."

छप्परच येणार होतं. बाईंनी तोंड मिटलं. घोट गिळावा तसा तो अर्धा शब्द आत गेला, आणि बोटं, त्यांना कोणी न सांगता, मनगटावरच्या पट्ट्याच्या जादा भोकापाशी गेली. शिवणयंत्राचं चाक कोणीतरी हाताने थांबवलं होतं. सगळं सभागृह हसत होतं आणि त्या हसण्याच्या मधोमध बाईंना एक जुनी, स्वच्छ, दुपारची शांतता ऐकू येत होती, जिच्यात फक्त घड्याळं चालत. त्यांनी घड्याळ सोडलं आणि सूचीकारांपुढे धरलं. त्यांनी ते का, कशाचं, काही विचारलं नाही. हात पुढे केला.

"मधमाश्या मला चालतील," पट्टा आवळून घेत ते म्हणाले, "बंबही चालेल. पण कपाटाच्या क्रमाने पुस्तकं नेणारा वाचक? खोटं. अहो, आमच्याकडे असाच एक येतो, तो निदान कपाटं तरी बदलतो."